खालापूरच्या खापराचा जोड

बार्शीहून निघतानाच ठरवलं होतं, ही शेवटची परिषद. असं मी मागच्या तीन परिषदांच्या वेळीही ठरवलं होतं, पण तेव्हा गुडघा इतका दुखत नव्हता. कुर्डुवाडीला रात्रीची मुंबईकडे जाणारी गाडी पकडली. सामान बेताचंच. दोन साड्या, औषधाची पुडी, पेनड्राइव्ह आणि एक स्टीलचा डबा. डब्यात कापूस आणि कापसात हाताच्या पंजाएवढं एक खापर.

परिषदेचा विषय होता ‘रोमन पुरातत्त्वाचे सैद्धांतिक दृष्टिकोन’. आमच्या शेजारच्या काकूंनी विचारलं, म्हणजे नक्की काय करणार तुम्ही तिथे? मी सांगितलं, दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल कल्याण, चौलच्या बंदरांत उतरायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून पार आपल्या तेरपर्यंत यायचा. त्या मालाकडे, त्या माणसांकडे कसं बघायचं यावर आम्ही दोन दिवस बोलणार. काकू म्हणाल्या, बघून झाल्यावर काय? आमच्या विषयात वस्तू कमी सापडतात आणि दृष्टिकोन फार सापडतात.

पण माझ्याकडे वस्तू होती. पंचवीस वर्षांपूर्वी, एम. ए. झाल्या झाल्या, सरांबरोबर आम्ही सात-आठ विद्यार्थी कर्जत-खालापूर भागात पाहणीला आलो होतो. शेतांवर दोरी ताणायची, एका रांगेत चालायचं आणि दिसेल ते खापर उचलायचं. चौक गावाच्या अलीकडच्या एका वाडीत, शेताच्या बांधाला मला हे खापर मिळालं. जाड, पांढुरक्या मातीचं, आतून काळा लेप. सरांनी ते हातात घेऊन फिरवलं आणि म्हणाले, “मद्यकुंभ. इटलीचा. आतून राळ लावलीय, वाइन झिरपू नये म्हणून.” त्या संध्याकाळी मी चौकपर्यंत चालत जाऊन बाबांना फोन केला होता. बाबा माझं लग्न ठरवायच्या घाईत होते. इटलीचं ऐकून ते जरा थांबले आणि म्हणाले, बरं, कर तुझी पीएचडी. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण या खापरावर उभं आहे. पुढे ते इतरांच्या लेखांत गेलं, ‘खालापूरचे खापर’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. माझी ओळख बहुतेक ठिकाणी ‘खालापूरच्या खापरवाल्या बाई’ अशीच करून देतात.

कर्जतला गाडी पहाटे पोचली. अंग आंबलं होतं. स्टेशनावर गरम बटाटेवडे निघत होते, दोन खाल्ले. आमच्याकडच्या भज्यांपेक्षा तिखट कमी, पण लसणाची कोरडी चटणी मात्र जिभेला जाग आणणारी. बाहेर येईपर्यंत माथेरानच्या डोंगराची कड उजळायला लागली होती. रिक्षावाल्याला रिसॉर्टचं नाव सांगितलं, तर तो म्हणाला, “हळदीला आलात का?” मी म्हटलं, परिषदेला. तो म्हणाला, “तिथं हळद हाय आज.”

दोन्ही खरं होतं. दहिवलीच्या पुढे, नदीच्या अंगाला ते रिसॉर्ट होतं. दारात आठ रोमन खांब, वर त्रिकोणी छप्पर, आणि कारंज्यात प्लास्टरची एक अर्धवट कपडे घातलेली बाई. मी खांबावर टकटक करून पाहिलं. पोकळ. आयोजकांनी हे ठिकाण विषयाला शोभेल म्हणून निवडलं असेल असं वाटलं होतं, पण नंतर कळलं, मोठं सभागृह एवढ्या एकाच ठिकाणी रिकामं होतं. माझ्या गळ्यातल्या बिल्ल्यावर बार्शीऐवजी बारामती छापलं होतं. बदलून मागायचंही मला त्राण उरलं नव्हतं. दोन दिवस मी बारामतीची म्हणून वावरले.

पहिल्या सत्रात परदेशी पाहुण्यांचं भाषण पडद्यावरून झालं. म्हणजे सुरू झालं. “आपण ज्याला व्यापार म्हणतो, तो मुळात,” एवढं बोलून त्यांचा चेहरा गोठला, तोंड उघडं राहिलं. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या उघड्या तोंडाकडे आदरानं बघत बसलो. त्यानंतर वसाहतवादावर एक निबंध, अस्मितेवर दोन, आणि ‘रिकाम्या जागांचे वाचन’ यावर एक. त्यात जिथे काहीच सापडलं नाही अशा चार गावांची चर्चा होती. बाहेर लॉनवर हळदीचा डीजे वाजायला लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, “भौतिक संस्कृती आपल्याला ऐकू येतेच आहे.” लोक हसले. मीही हसले असते, पण डोळे मिटत होते.

चहाच्या वेळी सर आले. आता ऐंशीच्या घरात आहेत. काठी, मफलर, जाड भिंगाचा चष्मा. त्यांच्या सत्काराचीच ही परिषद, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सत्राचे अध्यक्षही तेच. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी विचारलं, “खापर आणलंस?” मी डबा दाखवला. त्यांनी झाकण उघडू दिलं नाही. “राहू दे. उद्या बघू,” म्हणाले आणि बिस्किट चहात बुडवत राहिले.

दुपारच्या सत्रातून मी पळ काढला. कारण चांगलं होतं. माझ्या निबंधाच्या शेवटच्या चित्रासाठी ज्या बांधावर खापर मिळालं, त्याचा आजचा फोटो हवा होता. फाटकाशी एक रिक्षा उभी होती. चालक पन्नाशीचे, गायकवाड नावाचे. काचेवर निळ्या अक्षरांत ‘जय भीम’. चौकच्या रस्त्यानं जाऊन यायचं ठरलं.

रस्ता डोंगराच्या पायथ्यानं जातो. भाताची खाचरं रिकामी, मध्येच वालाचे हिरवे पट्टे, आणि दर थोड्या अंतरावर ‘सेकंड होम’ची पाटी. गायकवाड बोलके होते. पूर्वी मोहोपाड्याला रसायनांच्या कारखान्यात कंत्राटी कामाला होते, ते काम सुटल्यावर रिक्षा घेतली. मी कशासाठी आले ते सांगितल्यावर म्हणाले, “म्हंजे तुमी लेणीवाले. कोंढाण्याला, आंबिवलीला लई येतात तुमची लोकं. टेप लावून मोजतात.”

“तुम्ही जाता का तिथे?”

“आमी पौर्णिमेला जातो घरची सगळी. चपला भायेर काढून.”

मग मी, का कोण जाणे, डबा उघडून त्यांना खापर दाखवलं. दोन हजार वर्षांचं आहे, इटलीहून आलंय, असंही सांगितलं. त्यांनी रिक्षा बाजूला घेतली, काळ्या बाजूवर अंगठा जोरजोरात घासला आणि नाकाशी नेला.

“मॅडम, हे डांबर हाय.”

मी हसले. पाइनच्या झाडाची राळ कशी वितळवतात, कुंभाच्या आत कशी फिरवतात, यावर त्यांना छोटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “असंल,” म्हणाले. “लायटर लावून बघू का जरा?” मी खापर त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलंच.

वाडी सापडली. आंब्याचं झाड होतं, बांध होता, फक्त बांधापलीकडे आता कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण होतं. मी फोटो काढत होते तेवढ्यात जवळच्या घराच्या पडवीतून आवाज आला. “कोन गं? जमीन बगायला आलाव काय? इकायची नाय!”

पंचाहत्तरीच्या आजी होत्या. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात सूप. मी म्हटलं, “जमीन नको आजी. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही इथे आलो होतो. दोऱ्या घेऊन.”

आजींनी सूप खाली ठेवलं. “ती पोरं तुमी? बाय बाय बाय! अगं, आमाला वाटलं मोठ्या रस्त्यासाठी जमीन मोजाया आली मानसं. दोन दिस घरात कुनी धड जेवलं नाय. हे तर कागद घिऊन खालापूरला कचेरीत जाऊन बसलं व्हतं.”

“कुणी सांगितलं नाही तुम्हाला?”

“कोन सांगनार? तुमी खाली मान घालून चाललाव. घर आलं का दोरी गुंडाळलीव, नि पल्याडच्या शेतात पुन्ना ताणलीव. अंगनात कुनी पाय नाय ठेवला.”

ते खरं होतं. पाहणीची पद्धतच तशी. शेतं पालथी घालायची, आणि राहती वस्ती आली की नकाशावर एक चौकोन काढून पुढे जायचं. राहत्या घरात जुनं काही सापडत नाही, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

“इथून हे उचललं होतं आम्ही,” असं म्हणत मी डबा पुढे केला.

आजींनी खापर हातात घेतलं, उलटं केलं, काळी बाजू बघितली आणि इतक्या मोठ्यांदा हसल्या की आतून सून बाहेर आली. “अगं, हे बग, आपल्या रांजनाचं खापर! शाळा शिकल्यासारखं डब्यात बसून आलंय!”

मग सगळं सांगितलं. सासऱ्यांनी पनवेलच्या बाजारातून बैलगाडीत घालून रांजण आणला होता. दहा-बारा वर्षांत गळायला लागला. त्याच साली वाडीच्या रस्त्यावर पहिल्यांदा डांबर पडलं. कामवाल्यांच्या पिंपाच्या तळाशी थोडं राहिलं होतं, ते आजींच्या नवऱ्यानं डबाभर आणलं, तापवलं आणि रांजणाला आतून फासलं. “गळायचा थांबला, पन पान्याला असा वास मारी का कुनी घोट घेईना. मग गुरांना ठेवला. मग म्हशीनं लाथ घातली. वरचं फुटलं ते बांधावर फेकलं.”

“आणि खालचं?” मी विचारलं.

आजींनी नुसतं बोट दाखवलं. गोठ्याच्या दाराशी रांजणाचं बूड जमिनीत पुरलेलं होतं. कड ओबडधोबड, आत वीतभर पाणी. दोन कोंबड्या काठावर उभ्या राहून पीत होत्या.

आमच्या धंद्यात दोन खापरं एकाच भांड्याची आहेत का, हे ठरवायची एकच पक्की कसोटी असते, ती म्हणजे जोड. तुटलेली कड तुटलेल्या कडेला लावून बघायची. बाकी सगळे अंदाज. मी गुडघ्याची पर्वा न करता शेणमातीत बसले, कोंबड्या हुसकावल्या आणि खापर कडेवरून फिरवत नेलं. एका बाजूला नाही, दुसऱ्या बाजूला नाही. गोठ्याच्या भिंतीकडे, जिथे कड कमी झिजली होती, तिथे ते बसलं. अगदी बसलं. हात सोडला तरी हललं नाही. गायकवाड मागे उभे होते. त्यांनी हात देऊन मला उठवलं.

सुनेनं तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) पुढे ठेवली. आम्ही ज्वारीची माणसं, तांदळाची भाकरी मला नेहमी पोरकट वाटते. त्या दिवशी मात्र दोन खाल्ल्या. चव आठवत नाही. आजी म्हणाल्या, “इचारलं असतंव तर तवाच सांगितलं असतं गं.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

परतताना फोनमधले जोडाचे फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. पुसून टाकता आले असते. उद्या ठरलेला निबंध वाचायचा, सरांचा सत्कार नीट पार पडू द्यायचा आणि बार्शीला जाऊन गप्प बसायचं. कोण येणार होतं त्या गोठ्यात तपासायला? पंचवीस वर्षं कुणी आलं नव्हतं. उलट बोलले तर माझं प्रकरण जाणार, सरांचं नाव जाणार, तेही भर सत्कारात. एवढं सगळं पेलायला माणूस ताजंतवानं लागतं आणि मी तर आधीच शिणून आले होते.

सकाळी माझ्या निबंधाला बारा मिनिटं होती. नाव होतं ‘मद्यकुंभ आणि अस्मिता : खालापूरच्या खापराचे पुनर्वाचन’. दुसऱ्या स्लाइडवर खापराचा तो प्रसिद्ध फोटो होता. तो पडद्यावर आला आणि मला पुढचं वाक्य वाचता येईना. मी कागद बाजूला ठेवले, फोन जोडून घेतला आणि गोठ्याचा फोटो लावला. म्हटलं, “हा कुंभ इटलीचा नाही. पनवेलचा आहे. आत राळ नाही, रस्त्याचं डांबर आहे. हा त्याचा जोड, वाडीतल्या एका आजींच्या गोठ्यातला. माझं तिसरं प्रकरण चुकलेलं आहे.” पाच मिनिटांत संपलं.

मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल, रागावेल. मग मागून एक तरुण संशोधक उत्साहानं उठला. “मॅडम, हे तर जास्त महत्त्वाचं आहे! वस्तूचं चरित्रच मिळालं आपल्याला!” दुसरीनं विचारलं, “डांबर फासणं ही स्थानिकांची प्रतिकाराची कृती मानता येईल का?”

“गळत होता म्हणून फासलं,” मी म्हटलं आणि खाली बसले. चूक कबूल केली तर तिचाही एक दृष्टिकोन झाला. इतकं थकवणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

सरांनी अध्यक्षीय समारोपात माझ्याबद्दल एक शब्द काढला नाही. जेवणाच्या वेळी मला खूण करून लॉनवर बोलावलं. हळदीचे झेंडू तिथे अजून पडलेले होते. खुर्चीत बसून त्यांनी डबा मागितला, खापर काढलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते नाकाशी धरलं.

“मला तेव्हाच वास आला होता,” ते म्हणाले.

“केव्हा?”

“त्याच संध्याकाळी. धुऊन तू उन्हात ठेवलं होतंस. उन्हानं तापलं की डांबर लपत नाही. तू फोन करायला चौकला गेली होतीस. आल्यावर सांगायचं ठरवलं होतं मी.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. “तू आलीस आणि म्हणालीस, सर, बाबा हो म्हणाले.”

मला राग आला. खूप राग आला. “पुढच्या वर्षी सांगायचं होतंत!”

“पुढच्या वर्षी तू प्रकरण लिहिलंस. मग ते बाकीच्यांच्या टिपांत गेलं. मग मी म्हातारा झालो.”

यात माफी कुठे होती ते मी शोधत राहिले. सापडली नाही. त्यांनी ते लपवलं नसतं, तर मी आज कुणाच्या तरी स्वयंपाकघरात असते, हेही खरं. त्यामुळे रागवायची सोयही नीट राहिली नव्हती. ते खापर माझ्या हातात देत म्हणाले, “आजींचं नाव काय?”

“भागीबाई.”

“आडनाव?”

मी खापर कापसात ठेवू लागले.

“विचारलं नाहीस,” ते म्हणाले आणि काठी टेकत उठले. त्यांना गाडीपर्यंत हात धरून नेलं. नेहमीसारखी नमस्काराला वाकले नाही. त्यांनीही ते पाहिलं असावं, कारण काच खाली घेताना “गुडघ्याला जप” म्हणाले.

गाडीला वेळ होता. गायकवाडांना फोन केला. ते म्हणाले, “मला वाटलंच.” पुन्हा तोच रस्ता, तीच वाडी. आजी वाल निवडत होत्या. मी म्हटलं, “आजी, पूर्ण नाव सांगा. लिहायचंय.”

“माजं? कशाला गं बाय?” मग सांगितलं. “कागदावर भागीरथी हाय. भागीरथी धोंडू ठोंबरे. पन हाक भागीच मारतात.”

मी वहीत दोन्ही लिहिली. मग खापर पुढे केलं. “तुमचं आहे. ठेवून घ्या.”

“तिकडं कुठं ऱ्हातंय ते?”

“कपाटात. कापसात.”

आजी पुन्हा हसल्या. “हितं म्हशीच्या लाथा खाल्ल्या त्यानं. कापसात ऱ्हाऊ दे.”

बार्शीला पोचले तेव्हा पाय सुजले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, झालं का बघून? झालं, म्हटलं. पुन्हा कुठल्या परिषदेला जाणार नाही, असं आल्यावर मात्र ठरवलं नाही, ठरवायचंही बळ नव्हतं. आंघोळीआधी मी शिकवते त्या कॉलेजच्या संग्रहालयाची किल्ली घेतली आणि कपाट उघडलं. जुनं लेबल सरांच्या अक्षरातलं होतं. ते फाडलं नाही, पाठीमागे तसंच ठेवलं. पुढे नवीन लावलं. आजवर मी शेकड्यांनी लेबलं लिहिली असतील, पण शपथेवर खरं म्हणून सांगू शकेन असं हे पहिलंच. त्यावर लिहिलं आहे :

‘रांजणाचा तुकडा. भागीरथी (भागी) धोंडू ठोंबरे यांच्या घरचा. गळत होता म्हणून आतून डांबर. बाकीचा रांजण जागेवरच आहे. कोंबड्या त्यात पाणी पितात.’